केबल ‘अचानक’ जळत नाही

माननीय संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

भूमिगत केबल जळून वीजपुरवठा खंडित झाल्याच्या बातम्या आपल्या दैनिकात वरचेवर येतात आणि त्यांत एक शब्द हमखास असतो, तो म्हणजे ‘अचानक’. भूमिगत वाहिनीत अचानक बिघाड झाला, अचानक धूर निघाला, अचानक अंधार पसरला. लघुदाब केबलची चाचणी करणे आणि तिच्यातला फॉल्ट (बिघाडाची जागा) शोधणे हेच काम आयुष्यभर केलेला माणूस म्हणून या एका शब्दाबद्दल लिहिण्याची मला निकड वाटते. अंधार अचानक पडतो हे खरे आहे. केबल मात्र अचानक जळत नाही. कुदळीचा किंवा खोदकाम यंत्राचा थेट घाव बसला तर गोष्ट वेगळी. एरवी ती आठवडेच नव्हे, तर पुष्कळदा महिनोन्‌महिने आपल्या दुखण्याच्या खुणा देत असते. त्या खुणा टिपण्याची व्यवस्था आपण केलेली नसते, म्हणून आपल्याला ते अचानक वाटते.

लघुदाब केबल म्हणजे रोहित्रापासून (ट्रान्सफॉर्मरपासून) फीडर पिलरपर्यंत (रस्त्याकडेच्या फ्यूजच्या पेटीपर्यंत) आणि तिथून घराघरापर्यंत २३० किंवा ४०० व्होल्टने वीज नेणारी केबल. साऱ्या वीजजाळ्यात हिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. उच्चदाब केबल गेली तर हजारो घरे अंधारात जातात, चौकशी होते, अहवाल लिहिले जातात. लघुदाब केबल गेली तर एका गल्लीतली तीस-चाळीस घरे अंधारात जातात, रात्री माणसे येतात, खड्डा खणतात, जॉइंट (केबलची दोन टोके जोडणारा सांधा) मारतात आणि सकाळी खड्डा बुजवला की प्रकरण मिटते. त्या खड्ड्यातून काय निघाले, हे बहुधा कुठेच लिहिले जात नाही.

खड्ड्यातून काय निघते ते मी अनेकदा पाहिले आहे. जुन्या पिढीतल्या केबलमध्ये तांब्याच्या तारांभोवती तेलात भिजवलेला कागद गुंडाळलेला असतो, त्यावर शिशाचे अखंड आवरण आणि त्याही वर पोलादी पट्ट्यांचे चिलखत. अशा केबलचा जळालेला जॉइंट कापून काढल्यावर नवा जॉइंट करण्याआधी एक साधी परीक्षा करावी लागते. कागदाची पट्टी चिमट्याने सोडवायची, हाताच्या घामाची ओल तिला लागू द्यायची नाही आणि सुमारे १३० अंश सेल्सिअसपर्यंत तापवलेल्या मेणात ती बुडवायची. कागद कोरडा असेल तर काही होत नाही. ओल असेल तर तडतड आवाज येतो आणि पट्टीच्या कडेने बारीक फेस उठतो. फेस आला की केबल थोडी मागे कापायची, पुन्हा पट्टी काढायची, पुन्हा मेणात बुडवायची. एकदा मी हे करत करत जळालेल्या जागेपासून जवळजवळ दोन मीटर मागे गेलो, तेव्हा कुठे कोरडा कागद मिळाला. कागदाच्या थरांतून पाणी दोन मीटर आत सरकायला एक रात्र पुरत नाही. शिशाला गेलेली केसाएवढी चीर किंवा जॉइंटच्या टोकाला सुटलेला डाग यातून ते कित्येक महिने थेंबाथेंबाने शिरत राहिले असणार. त्या फॉल्टची नोंद मात्र ‘केबल अचानक पंक्चर’ अशीच झाली.

नव्या केबलना कागद नसतो, तेव्हा हा प्रश्न संपला, असे पुष्कळांना वाटते. तो संपलेला नाही, त्याने रूप बदलले आहे. पीव्हीसीचे इन्सुलेशन (तारेभोवतीचे वीजरोधक वेष्टन) सतत ७० अंशांच्या वर तापत राहिले तर त्याला मऊपणा देणारे द्रव्य हळूहळू उडून जाते, ते कडक होते आणि केबल जराशी हलली तरी तडकते. एक्सएलपीई (रेणू एकमेकांना जोडून मजबूत केलेले पॉलिथिलीन) ९० अंशांपर्यंत काम करते आणि पाण्याला कागदापेक्षा कितीतरी कमी दाद देते. पण आतली तार आता बहुतेक ठिकाणी ॲल्युमिनियमची असते आणि बाहेरच्या आवरणाला छिद्र पडून पाणी तिच्यापर्यंत पोहोचले की ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी होते. अशी केबल उघडली तर तारेच्या जागी ओलसर चुन्यासारखे काहीतरी हाताला लागते आणि उरलेल्या दोन-तीन धाग्यांवर सगळ्या गल्लीचा भार चाललेला असतो. शिवाय केबल कारखान्यात बनते आणि जॉइंट खड्ड्यात बनतो. पावसात, घाईने, टॉर्चच्या उजेडात, बाहेर लोक ओरडत असताना तो बनतो. त्यामुळे दुखणे बहुतेक वेळा जॉइंटपासून सुरू होते.

आता मूळ मुद्दा. ओल आत शिरली की दोन फेजमध्ये (वीज आणणाऱ्या तारांमध्ये) किंवा फेज आणि न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) यांच्यामध्ये क्षणभर ठिणगी पडते. त्या ठिणगीच्या उष्णतेने तिथली ओल वाफ होऊन उडून जाते, जागा कोरडी पडते आणि ठिणगी विझते. कधी त्यात पिलरमधला फ्यूज उडतो, कधी उडतही नाही. उडाला तर कर्मचारी येतो, नवा फ्यूज टाकतो, तो टिकतो, पुरवठा सुरू होतो आणि तक्रार ‘निवारण झाले’ म्हणून बंद होते. दहा दिवसांनी पाऊस पडतो, ओल पुन्हा भरते, पुन्हा तेच. मग पाच दिवसांनी. मग दोन दिवसांनी. दर वेळी त्या जागी थोडा कोळसा साचत जातो आणि शेवटी कोळशाची कायमची वाट तयार होते. त्या दिवशी टाकलेला फ्यूज टिकत नाही आणि केबल ‘अचानक’ जळाल्याची बातमी होते. टिकलेला फ्यूज म्हणजे दुरुस्त झालेला फॉल्ट, ही समजूत मला सर्वांत घातक वाटते. फॉल्ट जिथल्या तिथे असतो. त्याने आपल्याला थोडी मुदत दिलेली असते आणि ती आपण वाया घालवतो.

फ्यूज सगळे पाहतो, हीसुद्धा गैरसमजूत आहे. साधा हिशेब करून पाहावा. ठिणगीच्या वाटेचा रोध ५ ओहम धरला तर २३० व्होल्टला तिथून ४६ अँपिअर प्रवाह जाईल. रोहित्राजवळचा ४०० अँपिअरचा फ्यूज ४६ अँपिअरकडे ढुंकूनही पाहत नाही. त्याच्या दृष्टीने ते एखाद्या घराचे वाढलेले वापरमान असते. प्रत्यक्षात मात्र जमिनीखाली, मुठीएवढ्या जागेत, १० किलोवॅटपेक्षा जास्त उष्णता निर्माण होत असते. कागद, डांबर, पीव्हीसी या उष्णतेने विघटित होतात आणि त्यातून हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड यांसारखे ज्वलनशील व विषारी वायू निघतात. हे वायू पाइपांतून मॅनहोलमध्ये किंवा तळघरात साचतात. मॅनहोलची झाकणे उडाल्याच्या घटना आपण वाचतो, त्यांतल्या बऱ्याच घटनांमागे असा न दिसणारा, फ्यूज न उडवणारा फॉल्ट असतो.

याच्या जोडीला न्यूट्रलचा प्रश्न आहे आणि तो माझ्या मते याहून गंभीर आहे, कारण त्यात धोका थेट घरात येतो. फेजची तार तुटली तर दिवे जातात आणि लोक तक्रार करतात. न्यूट्रल तुटली तर दिवे जात नाहीत. तीन फेजवरची घरे तेव्हा एकमेकांशी जोडली जाऊन ४०० व्होल्ट आपसांत वाटून घेतात. ज्या फेजवर भार जास्त तिथे दाब कमी होतो आणि ज्या फेजवर भार कमी तिथे तो २३० वरून ३०० आणि त्याही पुढे चढतो. ज्या घरात एकच दिवा आणि एक टीव्ही चालू आहे त्याच घरातली उपकरणे जळतात. न्यूट्रलचा जॉइंटही एका झटक्यात तुटत नाही. लग (तारेच्या टोकाला बसवलेला धातूचा जोड) सैल होतो, तापतो, गंजतो, त्याचा रोध वाढत जातो आणि या काळात घरातले दिवे बोलत असतात. शेजारी पंप सुरू झाल्यावर आपला दिवा मंद झाला तर ते बहुधा साधे व्होल्टेज पडणे असते. शेजारी पंप सुरू झाल्यावर आपला दिवा अधिक प्रखर झाला तर ते न्यूट्रल सुटत असल्याचे लक्षण असते. ही एवढी खूण प्रत्येक वाचकाने लक्षात ठेवावी आणि दिसताच वीज कार्यालयाला ‘दिवे उजळतात’ या शब्दांत कळवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. केवळ ‘लाइट लुकलुकते’ असे सांगितले तर ती तक्रार शेकडो तक्रारींत बुडून जाते.

हे सारे आधी ओळखता येते का, असा प्रश्न आपल्या वाचकांना पडेल. येते; परंतु उच्चदाब केबलसाठी विकसित झालेल्या पद्धती उचलून इथे लावता येत नाहीत आणि या गैरसमजातही पुष्कळ पैसा जातो. उच्चदाब केबलच्या इन्सुलेशनमध्ये बारीक पोकळी असली तर तिच्यात सूक्ष्म ठिणग्या पडतात; त्याला पार्शल डिस्चार्ज म्हणतात आणि त्या मोजून केबलची प्रकृती सांगता येते. लघुदाबाला फेज आणि अर्थ (जमीन) यांच्यातले २३० व्होल्ट शिखराला सुमारे ३२५ व्होल्ट असतात, तर हवेत ठिणगी पडायला, अंतर कितीही अनुकूल असले तरी, ३२७ व्होल्टच्या आसपास दाब लागतो. १८८९ मध्ये फ्रीडरिश पाशेन यांनी मांडलेल्या नियमातून ही मर्यादा येते. म्हणजे कोरड्या पोकळीत ठिणगी पडतच नाही, आणि लघुदाब केबलमध्ये ती पडू लागते तेव्हा ओल आणि कोळसा यांनी आधीच वाट करून दिलेली असते. तिथे पार्शल डिस्चार्ज मोजण्याचे महागडे यंत्र लावणे म्हणजे भलत्याच रोगाची तपासणी करणे होय.

दुसरी नेहमीची परीक्षा म्हणजे मेगर मारणे. ५०० किंवा १००० व्होल्टचा दाब देऊन इन्सुलेशनचा रोध मोजायचा. ही परीक्षा मोलाची आहे. पण ती करायला पुरवठा बंद करावा लागतो, प्रत्येक घराचे कनेक्शन सोडवावे लागते आणि मिळालेला एक आकडा एकटा फारसे काही सांगत नाही. केबल दुप्पट लांब असेल तर तीच केबल निम्मा रोध दाखवते; कडक उन्हाळ्यात, जमीन वाळलेली असताना, आजारी केबलही चांगला आकडा देते. आज २० मेगओहम आले हे महत्त्वाचे नसून गेल्या वर्षी याच महिन्यात, याच केबलवर, साधारण याच तापमानाला २०० आले होते का, हे महत्त्वाचे आहे. जुना आकडा जपून ठेवलेला नसेल तर आजचा आकडा मुका असतो. मी स्वतः अशा कित्येक चाचण्या केल्या, कागदावर आकडे लिहिले आणि ते कागद पुढच्या वर्षी कोणालाही सापडले नाहीत, याची खंत मला आजही वाटते.

तिसरी पद्धत प्रतिध्वनीची. केबलमध्ये विजेचा एक लहानसा स्पंद सोडायचा आणि फॉल्टवर आपटून तो परत यायला किती वेळ लागला ते मोजायचे. केबलमध्ये हा स्पंद एका मायक्रोसेकंदात सुमारे १६० मीटर जातो, म्हणजे ८० मीटरवरचा फॉल्ट बरोबर एका मायक्रोसेकंदाने उत्तर देतो. सरळ जाणाऱ्या उच्चदाब केबलवर हे सुरेख चालते. लघुदाब केबलला मात्र दर दहा-पंधरा मीटरवर एका घराचा फाटा फुटलेला असतो आणि प्रत्येक फाटा आपापला प्रतिध्वनी देतो. पडद्यावर नुसती गर्दी दिसते. यावर चांगला तोडगा निघाला आहे. उपकरण चालू केबललाच जोडून ठेवायचे, केबल निरोगी असतानाचे चित्र साठवायचे आणि ठिणगी पडते त्याच क्षणी दुसरे चित्र घ्यायचे. दोन चित्रांची वजाबाकी केली की फाट्यांची सगळी गर्दी गळून पडते आणि जिथे फरक उरला तिथे फॉल्ट असतो. ठिणगी विझल्यानंतर शोधायला गेलेल्या माणसाला जे कधीच दिसत नाही, ते या पद्धतीने दिसते.

थम्परबद्दलही लिहिले पाहिजे. जास्त दाबाचे ठोके केबलमध्ये सोडायचे आणि रस्त्यावर मायक्रोफोन लावून जमिनीखालचा ‘ठप्प’ आवाज ऐकायचा, ही जुनी आणि खात्रीची पद्धत आहे. मध्यरात्री रहदारी थांबल्यावर रस्त्यावर गुडघे टेकून मी तो आवाज असंख्य वेळा ऐकला आहे. पण जुन्या केबलला तासन्‌तास ठोके दिले तर एक फॉल्ट सापडताना शेजारचे दोन दुबळे जॉइंट अर्धमेले होतात. दाब शक्य तितका कमी ठेवावा आणि आधी अंतर मोजून मगच ठोके द्यावेत, हे प्रत्येक ठिकाणी पाळले जात नाही. अलीकडे काही देशांत रस्त्याला बोटभर भोके पाडून त्यातून हवा ओढणारे आणि जळालेल्या इन्सुलेशनचा वायू हुंगणारे उपकरण वापरतात. ज्या भोकात वायू सर्वांत दाट, तिथे खणायचे. यात केबलला काही इजा होत नाही, खड्डा एकच खणावा लागतो आणि फॉल्ट त्या क्षणी निद्रिस्त असला तरी चालते. मला ही पद्धत फार आवडते.

वरची साधने फॉल्ट शोधण्याची आहेत. तो होण्याआधी कळावा यासाठी मुख्य गरज आहे ती सतत नोंद करणाऱ्या डोळ्याची. रोहित्राच्या बाजूला भार मोजणारे मीटर पुष्कळ ठिकाणी असतात. पण ते दर पंधरा मिनिटांची सरासरी काढतात. विझणारी ठिणगी अर्ध्या आवर्तनापुरती जगते. ५० हर्ट्झला अर्धे आवर्तन म्हणजे १० मिलिसेकंद, पंधरा मिनिटांचा नव्वद हजारावा भाग. सरासरीत तिचा मागमूसही उरत नाही. त्याऐवजी प्रवाहाची लहर सलग पाहणारे आणि नेहमीपेक्षा वेगळे अर्धे आवर्तन दिसले तर तेवढाच तुकडा जपून ठेवणारे उपकरण हवे. ठिणगी दाबाच्या शिखराजवळ पेटते, दाब शून्याकडे जाताना विझते, आणि पुष्कळदा धन व ऋण बाजूंना सारखी वागत नाही. पंप सुरू होण्याच्या लहरीपासून ती वेगळी ओळखता येते. अशा घटना एका फीडरवर (एका मुख्य वाहिनीवर) महिन्याला एक, मग आठवड्याला एक, मग रोज एक होऊ लागल्या तर केबल किती दिवसांची सोबती आहे हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

फ्यूजच्या जागी बसून, फॉल्ट आल्यावर पुरवठा तोडणारी आणि काही सेकंदांनी आपोआप जोडणारी उपकरणेही आता मिळतात. त्यांनी लोकांचा अंधार कमी होतो, हे निश्चित. पण ज्या उपकरणाने फॉल्टची नोंद कार्यालयात पोहोचवायची, तेच नोंद न वाचणाऱ्या कार्यालयात फॉल्ट लपवण्याचे साधन बनते; कर्मचारी जागेवर जात होता तेव्हा निदान त्याला तरी ठाऊक असे की हा फ्यूज तिसऱ्यांदा उडाला.

घरोघरचे स्मार्ट मीटर हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे, कारण ते बिलासाठी लावलेलेच असतात. त्यांच्याबद्दल जनतेत नाराजी असेल, ती योग्यही असेल, मी त्या वादात शिरत नाही. पण मीटर जर प्रवाहाबरोबर दाबही नोंदवत असेल तर त्यातून जॉइंटची प्रकृती कळते. समजा एखाद्या घराने २० अँपिअर घेतले की दाब पूर्वी २ व्होल्टने पडत होता आणि आता ५ व्होल्टने पडतो. म्हणजे वाटेतला रोध ०.१ ओहमवरून ०.२५ ओहम झाला. वाढलेल्या ०.१५ ओहममध्ये २० अँपिअरला ६० वॅट उष्णता निर्माण होते. बंद जॉइंटच्या आत, मातीखाली, जुन्या पद्धतीचा ६० वॅटचा बल्ब पेटवून ठेवल्यासारखे ते आहे. आणि हाच फरक पुढच्या घरांत दिसत असेल पण अलीकडच्या घरात दिसत नसेल, तर बिघडलेला जॉइंट त्या दोन घरांच्या मध्ये आहे, हे खणण्याआधी कळते. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात सुटत चाललेली न्यूट्रल ओळखण्यासाठी स्मार्ट मीटरचा असा उपयोग होतो. आपल्या मनगटातली नाडी आपण आयुष्यभर बाळगतो आणि वैद्य ती मोजतो, तसे हे आहे; नाडी आहे, वैद्याने हात लावायचा आहे.

‘एवढी उठाठेव करण्यापेक्षा चाळीस वर्षांवरच्या सगळ्या केबल बदलून टाका’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला हे पटत नाही. चांगल्या मातीत, बेताच्या भारावर राहिलेली, शिसे शाबूत असलेली जुनी केबल मी उघडली आहे आणि आतला कागद काल गुंडाळल्यासारखा तेलकट निघाला आहे. उलट पाच वर्षांच्या केबलचा घाईत मारलेला जॉइंट कोळसा होऊन बाहेर आला आहे. वय हा एक निकष आहे. तापमान, ओल, जॉइंटची संख्या आणि आधीचे फॉल्ट हे त्याहून मोठे निकष आहेत. इन्सुलेशन नेमलेल्या तापमानापेक्षा साधारण ८ ते १० अंश अधिक तापत राहिले तर त्याचे आयुष्य निम्मे होते, असा विद्युत अभियांत्रिकीतला जुना आडाखा आहे. आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे प्रवाह २० टक्क्यांनी वाढला की उष्णता ४४ टक्क्यांनी वाढते. सरसकट बदलण्याच्या मोहिमेत चांगल्या केबल उखडल्या जातात आणि पैसा संपेपर्यंत खरी आजारी केबल रांगेतच राहते.

भाराचे स्वरूपही बदलले आहे. पूर्वी रात्री भार उतरायचा आणि केबलला थंड व्हायला सहा-सात तास मिळायचे. तिची वहनक्षमता ठरवतानाच हा विसावा गृहीत धरलेला असे. आता रात्रभर गाड्या चार्ज होतात. छतावरच्या सौरऊर्जेमुळे केबलच्या मधल्या भागात दोन्हीकडून आलेला प्रवाह एकत्र होऊ शकतो आणि तो टोकाच्या फ्यूजला दिसतच नाही. इलेक्ट्रॉनिक उपकरणांमुळे निर्माण होणारा तिसरा हार्मोनिक (मूळ वारंवारितेच्या तिप्पट वारंवारितेचा प्रवाह) तिन्ही फेजमधून येऊन न्यूट्रलमध्ये साचतो, आणि जुन्या केबलची न्यूट्रल पुष्कळदा फेजच्या निम्म्या जाडीची असते.

मोठ्या शहरांना या दुर्लक्षाची किंमत मोजावी लागली आहे. १९९८ मध्ये न्यूझीलंडच्या ऑकलंड शहराच्या मध्यभागाला वीज देणाऱ्या ११० किलोव्होल्टच्या चारही भूमिगत केबल महिन्याभराच्या आत एकामागून एक गेल्या आणि तो भाग सुमारे पाच आठवडे विजेच्या टंचाईत राहिला. ते प्रकरण उच्चदाबाचे होते. पण जमिनीखालचे दिसत नाही म्हणून ठीकच असेल, ही वृत्ती तीच. लघुदाबाचे उदाहरण न्यूयॉर्कचे आहे. तिथे जानेवारी २००४ मध्ये रस्त्यावरच्या वीजपेटीच्या धातूच्या झाकणावर पाय पडून एका पादचारी महिलेचा मृत्यू झाला. इन्सुलेशन खराब झालेल्या तारेची वीज त्या झाकणात उतरली होती. त्यानंतर राज्याच्या नियामक आयोगाने २००५ च्या आदेशाने वीज कंपन्यांना दरवर्षी रस्त्यावरच्या झाकणांत, खांबांत उतरलेल्या विजेची तपासणी आणि दर पाच वर्षांनी सर्व साधनांची पाहणी सक्तीची केली. वाहनावर बसवलेल्या यंत्राने रस्तोरस्ती ही तपासणी होऊ लागली. त्याच शहरात २०१० च्या सुमारास कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी वीज कंपनीबरोबर काम करून, कर्मचाऱ्यांनी वर्षानुवर्षे आपल्या तोडक्यामोडक्या शब्दांत लिहिलेल्या तक्रारनोंदी संगणकाला वाचायला दिल्या आणि कोणत्या मॅनहोलमध्ये पुढे आग किंवा स्फोट होण्याची शक्यता अधिक आहे, याची क्रमवारी लावली. म्हणजे फ्यूज टाकणाऱ्या माणसाने डायरीत खरडलेली ओळसुद्धा निरीक्षणाचे साधन ठरली. ती ओळ लिहिली गेली होती म्हणूनच हे शक्य झाले.

माझे मागणे यामुळेच यंत्रांपासून सुरू होत नाही. प्रत्येक वीज कार्यालयाने उडालेल्या प्रत्येक फ्यूजची नोंद करावी: कोणता पिलर, कोणता फीडर, कोणती फेज, तारीख, वेळ, पाऊस होता की नव्हता. तीन महिन्यांत एकाच फेजचा फ्यूज दुसऱ्यांदा उडाला तर ती केबल संशयित धरावी आणि तिथे लहर टिपणारे उपकरण लावावे. म्हणजे थोडकी उपकरणे गरज असेल तिथे फिरती ठेवता येतील. प्रत्येक जॉइंटची जागा, तारीख, वापरलेले किट आणि करणाऱ्या कारागिराचे नाव नकाशावर चढावे. खड्ड्यातून निघालेला जळका तुकडा भंगारात न टाकता उघडून पाहावा आणि कारण लिहून ठेवावे. जॉइंट मारणाऱ्या माणसाला पावसात तंबू, पुरेसा वेळ आणि योग्य दाबाचे क्रिम्पिंग यंत्र (लग तारेवर दाबून बसवणारे) मिळावे. लग हातोड्याने ठोकून बसवण्याची वेळ त्याच्यावर येऊ नये. या कुशल लोकांची पिढी निवृत्त होत आहे आणि ओला कागद मेणात कसा तडतडतो हे कानाने ओळखणारे आता थोडेच उरले आहेत. त्यांच्याकडून शिकून घेण्याची तातडी मला कोणत्याही उपकरणाच्या खरेदीपेक्षा मोठी वाटते.

नागरिकांचे डोळेही उपयोगी पडतात. पाऊस थांबल्यावर सगळा रस्ता ओला असताना एकच ठिपका आधी वाळला, पदपथावर एका जागी पायाला ऊब लागली, मॅनहोलपाशी जळक्या रबराचा वास आला, पाळीव जनावर एका ठरावीक झाकणाजवळ गेले की दचकू लागले, तर त्या जागेला हात न लावता आणि इतरांना दूर ठेवून तत्काळ कळवावे. मी शोधलेल्या फॉल्टपैकी एक तर पावसानंतर वाळलेल्या अशाच ठिपक्याच्या बरोबर खाली निघाला. मायक्रोफोन लावण्याआधीच एका आजींनी मला तो दाखवला होता. ‘इथली फरशी चार दिवस झाले कोमट लागते’ असे त्या म्हणाल्या.

आणि आपल्या दैनिकाकडे एक मागणे. यापुढे केबल जळाल्याची बातमी आली की आपल्या वार्ताहराने संबंधित अधिकाऱ्यांना दोन प्रश्न विचारावेत: या फीडरचा फ्यूज गेल्या सहा महिन्यांत किती वेळा उडाला होता, आणि जळालेला जॉइंट कोणत्या तारखेला मारला होता. उत्तर मिळाले तर ते छापावे. नोंद नसल्याचे उत्तर आले तर तेही तितक्याच ठळकपणे छापावे, ही विनंती.

कळावे,

आपला विश्वासू,
एक निवृत्त केबल चाचणी अभियंता